दहा मिनिटांची श्रुतिका आणि नवे नाटककार

प्रश्न तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा आहे. त्यांच्याकडे एकांकिका लिहू पाहणारी आठ-दहा मुले-मुली आहेत. नाट्यगृह जवळ नाही, प्रकाशयोजनेचे साहित्य नाही. एक वर्गखोली आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन एवढीच सामग्री आहे. या मुलांकडून दहा-बारा मिनिटांच्या श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायची छोटी नाटके, करून घ्याव्यात असे त्यांच्या मनात आहे. त्या कशा कराव्यात, आणि त्यातून ही मुले नाटककार म्हणून टिकतील यासाठी आपण काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. मी आधी नभोवाणीसाठी आणि अलीकडे ध्वनिमालिकांसाठी बरीच वर्षे लेखन आणि दिग्दर्शन केले आहे, लिहू लागलेल्या मुलांची शिबिरेही घेतली आहेत. त्या अनुभवावरून हे उत्तर देतो आहे.

गाभ्याची गोष्ट आधी सांगतो. नव्या नाटककाराला खरे प्रोत्साहन केव्हा मिळते? त्याने लिहिलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानावर पडते आणि त्यानंतर ते वाक्य पुन्हा लिहिण्याची संधी त्याला मिळते, तेव्हा. बक्षीस, प्रमाणपत्र, सत्कार या चांगल्याच गोष्टी आहेत, पण त्या लेखन संपल्यावर येतात. लेखक घडतो तो पहिल्या आणि तिसऱ्या खर्ड्याच्या मध्ये, आणि आपल्याकडे नेमका तोच काळ कुणी सांभाळत नाही. श्रुतिका मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते, कारण सोमवारी लिहिलेले शनिवारी ऐकता येते, ऐकून झाल्यावर बदलता येते, आणि यातल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही.

महाराष्ट्रात महाविद्यालयीन मुलांसाठी नाटकाचे वातावरण नाही असे कुणी म्हणणार नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे. मुंबईत आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) स्पर्धा आहे, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगणारी चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका आहे, आणि 2014 पासून लोकसत्ता लोकांकिकाही राज्यभरातल्या केंद्रांवर होते. या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट, दिग्दर्शक आणि लेखक भरभरून दिले आहेत. परंतु स्पर्धा निकाल देते, दुसरा खर्डा देत नाही. 2022 च्या पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नसल्याचे सांगून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा तो निर्णय बरोबर की चूक यावर पुष्कळ वाद झाला. मला मात्र त्या वेळी वेगळाच प्रश्न पडला होता: ज्या मुलांच्या संहिता कमी पडल्या असे ठरले, त्यांना त्या संहितांवर पुन्हा बसण्यासाठी कुणी खोली, चार वाचणारी माणसे आणि एक अनुभवी कान दिला का? बहुतेक संघांत लेखक हाच दिग्दर्शक असतो, निम्मा वेळ नेपथ्य आणि प्रकाश यांच्या जुळवाजुळवीत जातो, आणि स्पर्धा संपली की संहिता कपाटात जाते. श्रुतिकेत नेपथ्य नाही, प्रकाश नाही, वेशभूषा नाही. लेखकाला लपायला जागाच उरत नाही, आणि शिकण्यासाठी ते फार चांगले असते.

अल्पावधीच्या श्रुतिकेची परंपरा आपल्याकडे जुनी आणि भक्कम आहे. विविध भारतीवरच्या ‘हवामहल’ने पंधरा मिनिटांत एक संपूर्ण प्रसंग सांगण्याची सवय हिंदी श्रोत्यांना लावली. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे अशी उभी केली की आवाजाचा पहिला शब्द कानी पडताच माणूस ओळखू येत असे. पु. ल. देशपांडे यांनी आकाशवाणीत नोकरी केली, व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ सांभाळले. आणखी मागे जायचे तर बीबीसीने खास नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक 15 जानेवारी 1924 रोजी प्रसारित केले. ते वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतरच्या अंधारात घडते. श्रोत्याला दिसत नाही, आणि पात्रांनाही दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीची ती निवड मी प्रत्येक शिबिरात पहिल्याच दिवशी सांगतो, कारण या माध्यमाची सर्वांत मोठी अडचण त्या लेखकाने कथेच्या आतच घेतली आणि तिचेच नाट्य केले.

आता लेखनाकडे वळतो. मराठी संवाद स्वाभाविक गतीने बोलला तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. विराम, ध्वनी आणि थोडे संगीत धरले तर दहा मिनिटांच्या श्रुतिकेला 900 ते 1000 शब्दांची संहिता पुरते. मुले पहिल्यांदा याच्या दुप्पट लिहून आणतात. पात्रे तीनच ठेवावीत, फार तर चार. आणि ती वयाने, बोलण्याच्या ढंगाने, वाक्यांच्या लांबीने एकमेकांपासून वेगळी असावीत. वीस वर्षांच्या तीन मैत्रिणी रंगमंचावर सहज ओळखता येतात, पण ध्वनिमुद्रणात त्यांची एकच मुलगी होते. दुसरे, जे पात्र बराच वेळ बोलत नाही ते श्रोत्याच्या लेखी त्या खोलीतून निघून गेलेले असते. ही मर्यादा आहे, आणि चांगल्या लेखकासाठी सोयही आहे, कारण सर्वजण विसरलेले पात्र मोक्याच्या क्षणी एका शब्दाने परत आणता येते.

सर्वांत नडणारी सवय म्हणजे डोळ्यांनी दिसणारे सगळे पात्रांच्या तोंडी घालणे. शिबिरात मी एक प्रसंग देतो: दोन जावा पिठाच्या गिरणीत भेटतात, आणि थोरलीने घरात कुणाला न सांगता केलेली एक गोष्ट उघडी पडते. यावर पहिला खर्डा बहुतेक वेळा पुढीलप्रमाणे येतो.

सुमन : अगं रेखा, तू एवढ्या उन्हात डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन या गिरणीत कशी काय आलीस?
रेखा : ताई, घरातलं पीठ संपलं म्हणून आले. पण तुम्ही इतक्या घाबरलेल्या का दिसता? तुमच्या कपाळावर घाम आलाय.
सुमन : रेखा, माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. घराच्या कागदांवर मी यांची खोटी सही केली आहे.

इथे दोन्ही बायका एकमेकींशी बोलतच नाहीत, त्या श्रोत्याला माहिती पुरवत आहेत. मग मी मुलांना जवळच्या गिरणीत जाऊन नुसते ऐकून यायला सांगतो. परत आल्यावर त्यांना आपणहून जाणवते की तिथे कुणी हळू बोलूच शकत नाही. त्यानंतरचा खर्डा असा होतो.

(गिरणीची घरघर. दोघीही ओरडून बोलतात.)
रेखा : ताई, ज्वारीच आहे ना आधीची?
सुमन : काय?
रेखा : ज्वारी! ज्वारी!
सुमन : हो! मागच्या खेपेला गव्हावर दळली त्यानं! भाकरी थापता येईना!
रेखा : भाऊजींना सांगितलंत का?
सुमन : काय?
रेखा : घराचं! भाऊजींना सांगितलंत का?
सुमन : नाही! तू पण सांगू नकोस!
रेखा : मग कागदावर सही कुणी केली?
(वीज जाते. पट्टा मंदावत थांबतो.)
सुमन : (तशीच ओरडून) त्यांची सही मीच केली!
(शांतता. कुणीतरी खोकते. एका डब्याचे झाकण वाजते.)
गिरणीवाला : लाईट गेली. कुणाकुणाचं राहिलंय?

गिरणी हा शब्द कुणीही उच्चारलेला नाही. ज्वारी गव्हावर दळल्याच्या तक्रारीने जागा कळते, आणि सुमनचे घर चालवणे किती काटेकोर आहे तेही त्याच वाक्यात येते. ओरडण्याला कारण आहे. प्रसंगाला कलाटणी मिळते ती आवाजाने, तीही आवाज थांबल्यामुळे. रंगमंचावर हाच प्रसंग केला तर रांगेतली माणसे प्रेक्षकाला सुरुवातीपासून दिसत असतात. इथे मात्र खोकला ऐकू येईपर्यंत ती नसतात, आणि खोकल्याबरोबर सगळी एकदम येऊन उभी राहतात. गिरणीवाल्याने काही ऐकल्याचे सांगितले असते तर सगळे बिघडले असते. तो त्याच्या कामाचे बोलतो, म्हणून त्याने सर्व ऐकले आहे हे आपल्याला पक्के कळते. हे लिहिणारी मुले पुढे रंगमंचासाठी लिहितानाही ‘पात्र आत्ता हे का बोलते आहे’ असे स्वतःला विचारू लागतात.

ध्वनीच्या बाबतीत एक नियम मी कटाक्षाने पाळतो. नुसता आवाज बहुतेक वेळा ओळखू येत नाही. पावसाची सर आणि कढईतले तळण डोळे मिटून ऐकले तर जवळजवळ सारखेच वाटते. आधी तो आवाज येऊ द्यावा, आणि मग ‘छत्री घेतलीस का’ किंवा ‘भजी करपतील’ असे एक साधे वाक्य यावे. तेवढ्याने श्रोत्याच्या मनात पूर्ण चित्र उभे राहते. आवाजाच्या आधी वाक्य टाकले तर आवाज नुसती सजावट होतो. सकाळ म्हणजे कोंबडा, देऊळ म्हणजे घंटा, रात्र म्हणजे रातकिडे, हे ठरलेले आवाज तर पहिल्या दिवशीच बाजूला ठेवावेत. मुलांच्या स्वतःच्या गावातली सकाळ वेगळी असते: टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीची, घंटागाडीवरच्या गाण्याची, पहिल्या एसटीच्या सुरू न होणाऱ्या इंजिनाची. प्रत्येकाने असे आवाज स्वतः फोनवर टिपून आणावेत. महाजालावरचे आयते आवाज वापरायचेच झाले तर ते वापरण्याची परवानगी कोणत्या अटींवर आहे हे वाचावे. आणि त्यांतले बरेच आवाज परदेशातले असतात, तिथला दरवाजा आपल्या दरवाजासारखा वाजत नाही. कडीकोयंड्याचा आवाज हवा असेल तर कडीच वाजवावी.

ध्वनिमुद्रणासाठी महागडी सामग्री लागत नाही. शांत खोली मात्र लागते. वर्गखोलीच्या उघड्या भिंतींवर आवाज आदळून परत येतो आणि सगळे संवाद हौदात बोलल्यासारखे वाटतात. दोन बाजूंना दोऱ्या बांधून त्यांवर गोधड्या आणि चादरी सोडाव्यात, खाली सतरंजी अंथरावी. एवढ्याने बराच फरक पडतो. पंखे बंद असले पाहिजेत, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर काम सुरू करावे. सर्व फोन विमान-स्थितीत ठेवावेत. ज्या फोनवर मुद्रण करायचे तो टेबलावर सपाट न ठेवता, घडी केलेल्या टॉवेलवर किंवा स्टँडवर तोंडाच्या उंचीला ठेवावा. बोलणाऱ्याने त्यापासून एक वीत अंतरावर, पण थेट समोर नव्हे तर किंचित तिरके उभे राहावे. मराठीतले फ, भ, ख, थ हे वर्ण हवेचा झोत घेऊन येतात आणि समोरून बोलले की धप्प असा आवाज मुद्रित होतो. फोनमध्ये वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झवर मुद्रण करण्याची सोय असेल तर तीच निवडावी. प्रत्येक जागेची तीस सेकंदांची नुसती शांतताही मुद्रित करून ठेवावी. संकलन करताना दोन वाक्यांमधली फट भरायला तीच उपयोगी पडते, कारण संपूर्ण निःशब्द फट आली की श्रोत्याला ध्वनिफीत तुटल्याचा भास होतो.

नटांनी हातात कागद धरून बसून वाचू नये, उभे राहून बोलावे. लांबून येणारे पात्र खरोखरच चार पावले मागून बोलत पुढे यावे. आवाज कमी-जास्त करून ते अंतर साधत नाही, कारण अंतराबरोबर खोलीचा घुमारही बदलतो. रंगमंचाची सवय झालेली मुले शेवटच्या रांगेसाठी बोलतात. त्यांना सांगावे की श्रोता तुमच्या कानाशी आहे. संकलनासाठी ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. गोंगाट काढण्याची सोय जपून वापरावी, ती जास्त वापरली की माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटते. अंतिम ध्वनिपातळी सुमारे उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजण्याचे एकक), एकमार्गी म्हणजे मोनो ध्वनी असेल तर उणे 19, आणि शिखर, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे 1 डेसिबलच्या वर नाही, एवढे पाहिले की श्रुतिका कुठल्याही श्राव्य मंचावर बाकीच्या कार्यक्रमांच्या बरोबरीने ऐकू येते. दहा मिनिटांची फाईल 128 केबीपीएसला साडेनऊ एमबीच्या आसपास होते, म्हणजे फोनवरून पाठवायलाही सोपी. शेवटी ती एकदा चांगल्या इयरफोनवर आणि एकदा फोनच्या साध्या स्पीकरवर, पंखा लावून ऐकावी. बहुतेक श्रोते ती तशीच ऐकणार आहेत.

तंत्राचे एवढे पुरे. प्राध्यापिकाबाईंचे मुख्य काम याच्या आधी सुरू होते, ते वाचनाच्या बैठकीत. या बैठकीसाठी मी काही गोष्टी आग्रहाने पाळतो. लेखकाने स्वतःची संहिता स्वतः वाचायची नाही, कारण लेखक वाचताना कागदावर नसलेला अर्थ आवाजाने भरून काढतो. ती इतरांनी वाचायची, आणि लेखकाने हातात कागद न घेता, शक्य तर डोळे मिटून ऐकायची. वाचन संपल्यावर ‘आवडले का’ हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. ऐकणाऱ्यांना विचारायचे ते हे: प्रसंग कुठे घडला असे वाटले, किती माणसे होती, कुणाला काय हवे होते, आणि नेमके कुठे लक्ष सुटले. उत्तरे ऐकताना लेखकाने समजावून सांगायला लागायचे नाही, फक्त टिपून घ्यायचे. पाचपैकी चौघांना जागा कळली नसेल तर वाद घालण्यासारखे काही उरत नाही, आणि कुणी लेखकाचा अपमानही केलेला नसतो. ही पद्धत लाजाळू मुलांना विशेष मानवते, कारण तिथे त्यांच्या प्रतिभेवर निर्णय होत नाही, ऐकू काय आले एवढेच सांगितले जाते. जवळपास कुणी अंध विद्यार्थी किंवा श्रोते असतील तर त्यांना आवर्जून बोलवावे. आवाजातली खोट त्यांच्याइतक्या चटकन कुणी पकडत नाही, आणि त्यांच्यातही लिहिणारे असतात, ज्यांना नाटक लिहायला कधी कुणी सांगितलेले नसते.

या बैठकीत शिक्षकाने एक संयम पाळला पाहिजे. मुलाचे वाक्य आपण दुरुस्त करून देऊ नये. आपल्याला ते अधिक चांगले सुचते यात शंका नाही. पण आपण दिलेले वाक्य बोलणाऱ्या पात्राबरोबर लेखक राहत नाही. ‘इथे मला कळले नाही’ एवढेच सांगावे आणि थांबावे. तीन खर्डे होईपर्यंत मुद्रणाची घाई करू नये. मात्र तिसऱ्या खर्ड्यानंतर, संहिता अपुरी वाटली तरी, मुद्रण करावेच. मुद्रित झालेली अपुरी श्रुतिका ऐकताना लेखकाला जे उमगते ते चर्चेने उमगत नाही.

विषय देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पर्यावरण, व्यसनमुक्ती, मोबाइलचे दुष्परिणाम असे विषय दिले की मुले निबंधाचे संवाद करून आणतात आणि शेवटी एक पात्र दुसऱ्याला उपदेश करते. हे विषय वाईट नाहीत, पण ते माणसांमधून आले पाहिजेत. त्याऐवजी मी एक काम देतो: घरात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर कानावर पडलेले असे एक संभाषण लिहून आणा, ज्यात बोलणाऱ्याला म्हणायचे होते एक आणि तो बोलत होता दुसरेच. यातून शेताच्या वाटणीचे, लग्नाच्या नकाराचे, नोकरी गेल्याचे घरात न सांगितल्याचे, आईच्या दवाखान्याच्या बिलाचे प्रसंग येतात. समाजातले सर्व प्रश्न त्यांत आपोआप असतात.

बोलीबद्दलही तसेच. मुलांना वाटते की नाटक म्हटले की पुण्या-मुंबईचे मराठी हवे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी, माणदेशी, जी त्यांची असेल तिच्यात त्यांनी लिहावे. श्रुतिकेइतके बोलीचे सामर्थ्य दाखवणारे दुसरे माध्यम नाही, कारण बोली मुळात कानाची असते. पण ज्याला ती घरात बोलायची सवय आहे त्यानेच ती लिहावी आणि तशाच नटाने ती बोलावी. हशा मिळवण्यासाठी घातलेली बोली ऐकणाऱ्याला लगेच खटकते. एखादा शब्द बाहेरच्या श्रोत्याला कळणार नाही म्हणून तो बदलू नये. पुढच्या वाक्यातून अर्थ लागतो, नाही लागला तरी माणूस कळतो.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. स्पर्धेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि लहान गावांत केवळ त्या कारणाने कितीतरी मुली नाटकाच्या संघाबाहेर राहतात. श्रुतिकेच्या बैठका दिवसा दोन तासांत होतात, मुद्रण एका सकाळी आटोपते. वेळ जाणीवपूर्वक दुपारची ठेवली तर ज्यांना आजवर कुणी नाटकवाल्या मानले नाही अशा मुली लिहायला येतात. त्यांच्या संहितांत स्वयंपाकघर, विहीर, शिवणक्लास, वसतिगृहाची खोली अशा जागा येतात, ज्या आपल्या एकांकिकांत क्वचित दिसतात. मुलांच्या लेखनापेक्षा त्यांचे लेखन मला पुष्कळदा अधिक धीट वाटले आहे.

श्रुतिका तयार झाली की ती ऐकवण्याची जबाबदारीही आपलीच. आधी महाविद्यालयातच ऐकवावी: खिडक्या लावून, दिवे मालवून, सर्वांनी एकत्र बसून. गर्दीत ऐकताना लेखकाला हशा आणि शांतता दोन्ही कळतात, जे एकट्याने इयरफोनवर ऐकणाऱ्यांकडून कळत नाही. नंतर परिसरातल्या सामुदायिक रेडिओशी बोलावे. केंद्र सरकारच्या धोरणाने 2002 मध्ये आधी शैक्षणिक संस्थांना आणि 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची मुभा दिली. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आणि म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही आपल्याकडची परिचित केंद्रे आहेत. अशा केंद्राचा श्रोता दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरातला असतो, आणि आपल्याच बाजारपेठेत घडणारी गोष्ट तो ज्या कानाने ऐकतो त्याची सर दूरच्या हजारो श्रोत्यांना येत नाही. जिल्ह्यातल्या आकाशवाणी केंद्रालाही संहिता पाठवाव्यात. श्राव्य मंचांवर मराठी ऐकणारा वर्ग तयार झाला आहे. 2017 मध्ये स्टोरीटेल हा श्राव्य पुस्तकांचा मंच भारतात आला तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीचीही निवड त्यांनी केली होती. पण तिथे जाण्याची घाई नको, कारण तिथे लांबलचक मालिकांना मागणी असते, आणि दहा मिनिटे नीट बांधता येण्याआधी शंभर भाग लिहायला लागलेला तरुण लेखक थकतो.

मानधन द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पाचशे रुपये असोत. पण ती पाकिटात, पावतीसह आणि वेळेवर दिलेली असावी. लिहिणे हे काम आहे, त्याचे मोल असते, हे आपण बोलून पटवू शकत नाही. लेखकाचे नाव श्रुतिकेच्या सुरुवातीला, कलाकारांच्या आधी घ्यावे. आणि एका पानाचा साधा करार मराठीत करावा. प्रताधिकार कायदा 1957 च्या कलम 19 नुसार हक्क सोपवण्याचा करार लेखी लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. आपल्या करारात एवढेच असावे: महाविद्यालयाला ही ध्वनिमुद्रित श्रुतिका अमुक काळ ऐकवण्याचा हक्क आहे, संहितेचा प्रताधिकार, तिचे रंगमंचीय रूपांतर, भाषांतर आणि प्रकाशन हे हक्क लेखकाचेच. एका तरुण लेखकाची संहिता ‘सर्व हक्क कायमचे’ अशा एका ओळीवर सही करून गेल्याचे मी जवळून पाहिले आहे. त्याच गोष्टीवर पुढे त्याला स्वतःला नाटक करता आले नाही. मुलांना हे पहिल्याच वर्षी कळले पाहिजे. उलट बाजूही शिकवावी: दुसऱ्याच्या कथेवर श्रुतिका करायची तर परवानगी लागते, आणि लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत ती त्याच्या वारसांकडून घ्यावी लागते.

ही मुले पुढे रंगमंचासाठी लिहितील तेव्हा त्यांना काही नव्याने शिकावे लागेल हे खरे आहे. गप्प उभे असलेले पात्र रंगमंचावर नाहीसे होत नाही, ते सर्वांत जास्त बोलत असते. आणि शरीराने करता येणारी गोष्ट संवादात घालण्याची सवय सोडावी लागते. म्हणून दुसऱ्या सत्रात मी त्यांना त्यांचीच एक श्रुतिका रंगमंचासाठी नव्याने लिहायला सांगतो, निम्मे संवाद काढून. कानावर लक्ष ठेवून लिहिलेले संवाद उरलेल्या निम्म्यातही तग धरतात, आणि माझ्या ओळखीच्या चांगल्या नाटककारांच्या संवादांत ही ताकद हमखास असते.

शेवटी वेळापत्रकाविषयी. पहिल्या सत्रात सर्वांच्या मिळून तीनच श्रुतिका पूर्ण कराव्यात; बाकीच्यांनी त्यांत आवाज, ध्वनी, संकलन ही कामे करावीत, कारण दुसऱ्याच्या संहितेत नट म्हणून अडखळलेला लेखक स्वतःचे वाक्य जपून लिहितो. ज्या आठवड्यात पहिली श्रुतिका वर्गात ऐकवली जाईल, त्याच आठवड्यात तिच्या लेखकाला पुढच्या संहितेच्या वाचनाची तारीख द्यावी. कौतुकाचे दोन दिवस संपले की लिहिणे थांबते, हे मी पुष्कळ हुशार मुलांच्या बाबतीत पाहिले आहे; ज्यांना तारीख मिळाली होती ती मुले पुढेही लिहीत राहिली.